बाळासाठी कॉट घेताय? आपल्या गोव्याच्या हवेत कशी बघून घ्यायची ते सांगते

कॉट बघायला गेलं की बहुतेक जण आधी रंग बघतात, मग त्यावर लावलेलं हत्ती-सशांचं बेडिंग, मग किंमत. गजांमध्ये अंतर किती आहे, गादी आणि कठड्याच्या मध्ये फट पडते का, तळाची फळी कशावर टेकलीय हे कोणी वाकून बघत नाही आणि दुकानदारपण आपणहून सांगत नाही कारण त्याला कोणी विचारतच नाही. पण घरात बाळाला आपण नजरेआड ठेवतो अशी ही एकच जागा असते, दिवसभर ते कोणाच्या ना कोणाच्या मांडीवर नाहीतर खांद्यावर असतं, रात्री मात्र आईपण झोपलेली, बाबापण झोपलेले आणि बाळ एकटं कॉटमध्ये. त्यामुळे तिथे काही चुकीचं असेल तर बघायला कोणी जागं नसतं. म्हणून दुकानात जाताना पर्समध्ये मोजपट्टी टाका, लाज वाटायचं काही कारण नाही.

आधी वेळेचं बोलते. आपल्याकडे बऱ्याच घरांत बाळ जन्माला यायच्या आधी त्याच्या वस्तू घरात आणत नाहीत, आजी नाही म्हणते आणि तिचं मन मोडायची गरज नाही. सातव्या महिन्यात जाऊन कॉट बघून, मोजून, पसंत करून बुक करून ठेवा आणि बाळ घरी आल्यावर आणा. फक्त नवीन कॉटला पॉलिशचा नाहीतर गादीला फोमचा वास येत असेल तर वास जाईपर्यंत उघड्या खिडकीजवळ हवा लागू द्या, मगच बाळाला त्यात ठेवा. आणि डिलिव्हरी जून-जुलैमध्ये असेल तर हे सगळं मे संपायच्या आत ठरवा, कारण एकदा पाऊस लागला की पॉलिश नीट सुकत नाही, मेस्त म्हणजे आपला सुतार पण आज येतो उद्या येतो करत बसतो आणि ओलसर लाकडाची कॉट तुमच्या गळ्यात पडते.

आता मापं, आणि हा भाग जरा सावकाश वाचा कारण खरं सगळं इथेच आहे. उभ्या गजांमधलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. अमेरिकेत ही मर्यादा २ पूर्णांक ३/८ इंच आहे म्हणजे ६ सेंटिमीटरच, युरोपच्या ईएन ७१६ मानकात ४.५ ते ६.५ सेंटिमीटर. जास्त अंतर का चालत नाही तर बाळाचं शरीर डोक्यापेक्षा बारीक असतं, ते झोपेत सरकत सरकत पायाकडून गजांतून बाहेर जातं, पाय जातात, कंबर जाते, छाती पण जाते आणि डोकं अडकतं, मग ते मानेवर लटकतं. आणि ४.५ पेक्षा कमी अंतरात बाळाचा हात-पाय अडकून बसायची भीती असते, म्हणून एकदम जवळ जवळ गज म्हणजे जास्त सेफ असंही नाही. मोजपट्टी विसरलात तर कोल्ड्रिंकचा जाडा कॅन दोन गजांमधून जातो का बघतात, जात असेल तर ती कॉट नको, पण हल्ली जे उंच बारीक कॅन मिळतात त्याने बघू नका, ते पातळ असतात आणि फसवतात. मोजपट्टीच बरी. आणि एका ठिकाणी मोजून थांबू नका, सगळीकडे मोजा, एखादा गज दाबला की वाकून अंतर वाढतंय का तेही बघा.

डोक्याकडच्या आणि पायाकडच्या फळीत बदाम, चंद्र, ससा असं कापून केलेलं डिझाईन असतं ना, ते नको. कापलेल्या जागेत बाळाचा हात, डोकं किंवा कपडा अडकू शकतो. साधी सरळ फळी घ्या.

चारही कोपऱ्यांचे खांब कठड्याच्या वर यायला नकोत. आपल्याकडे मेस्त हौसेने खांबावर कळस काढून देतो, दिसतो पण छान, पण त्यातच बाळाच्या झबल्याचा गळा नाहीतर दोरा अडकतो आणि उभं राहायला शिकलेलं बाळ खाली बसलं की गळ्याला फास बसतो. अमेरिकेच्या नियमात खांब कठड्यापेक्षा दीड मिलिमीटरपेक्षा वर चालत नाही, म्हणजे जवळजवळ सपाटच. मेस्ताला सांगा कळस नको, तासून गोल करून दे.

कॉट आतून किती खोल आहे ते पण बघायचं. कॉटचा तळ खाली-वर करता येतो अशी घ्या. तळ सगळ्यात खाली असताना तळापासून कठड्याच्या वरच्या काठापर्यंत ६० सेंटिमीटर तरी पाहिजे, आणि वरच्या लेव्हलला असताना ३० सेंटिमीटर. वरची लेव्हल फक्त पहिल्या काही महिन्यांसाठी, म्हणजे सिझेरियन झालेल्या आईला जास्त वाकावं लागत नाही. बाळ बसायला लागायच्या आत तळ खाली करा, बसायला लागल्यावर नाही, कारण बाळ काय तुम्हाला सांगून बसणार नाही, एक दिवस सकाळी उठून बघाल तर कठडा धरून उभं असेल.

एक बाजू खाली सरकते अशी कॉट अजून काही घरांत आहे, काही जणांकडे परदेशातून आलेली पण आहे. ती वापरू नका. सरकणाऱ्या बाजूचं हार्डवेअर ढिलं होतं, बाजू एका कोपऱ्यात निसटते आणि गादी व त्या बाजूच्या मध्ये व्ही आकाराची फट पडते, बाळ त्यात घसरतं. अमेरिकेत २०११ च्या जूनपासून अशा कॉट विकायलाच बंदी आहे, नवीन पण आणि सेकंडहँड पण. कितीही चांगली दिसली, कोणी फुकट दिली तरी नको म्हणा.

बाळाला आईच्या पलंगाला चिकटून ठेवायची छोटी कॉट मिळते, एक बाजू उघडी असते. रात्री दूध पाजायला ती फार सोयीची, पण पलंगाला पट्ट्यांनी घट्ट बांधलेली पाहिजे आणि दोन गाद्यांची उंची एकच पाहिजे, मध्ये एका बोटाची पण फट नको. जुन्या पोर्तुगीज पद्धतीचे उंच पलंग असतात काही घरांत, त्यांना ही कॉट जुळत नाही, तिथे वेगळी चार बाजूंची कॉट पलंगाशेजारी ठेवलेली बरी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, एएपी, सांगते की निदान पहिले सहा महिने बाळाने आईबाबांच्याच खोलीत झोपावं, पण स्वतःच्या वेगळ्या जागेवर. म्हणजे बाळासाठी वेगळी रूम सजवून तिथे कॉट ठेवायची काही घाई नाही, आपल्या खोलीतच ठेवा, हात पोचेल एवढ्या अंतरावर.

लाकडाचं म्हणाल तर साग सगळ्यात बरा, महाग आहे पण आपल्या दमट हवेत टिकतो आणि त्याला वाळवी सहज लागत नाही. फणसाचं लाकूड पण चांगलं, आपल्याकडे जुन्या घरांत फणसाची दारं पिढ्यान् पिढ्या टिकलीत. शिवणीचं लाकूड हलकं आणि गुळगुळीत होतं. आंब्याचं लाकूड स्वस्त पडतं पण नीट ट्रीटमेंट केलेली नसेल तर किडा लागतो, पांढरी पूड खाली पडायला लागली की समजायचं. लाकूड कुठलंही असो, सुकवलेलं पाहिजे, ओल्या लाकडाची कॉट पावसात फुगते आणि डिसेंबर-जानेवारीत आकसते, मग सांधे ढिले होतात आणि तुम्ही मोजून घेतलेलं अंतर बदलतं. दाबलेल्या भुशाच्या बोर्डाची कॉट ऑनलाइन स्वस्तात मिळते पण आपल्याकडे पाऊस ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, एका पावसात स्क्रूच्या भोकांजवळ तो बोर्ड फुगून भुगा होतो आणि स्क्रू हातात येतो. प्लायच घ्यायचा असेल तर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लाय मागा आणि कडा बंद करून घ्या.

लोखंडी कॉट मिरामार, कळंगुट, वास्को अशा समुद्राजवळच्या घरात घेण्याआधी विचार करा, खाऱ्या हवेने बोल्ट गंजतात आणि रंगाचे पोपडे निघतात, बाळ ते तोंडात घालतं. लाकडी कॉटला पण बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच पाहिजेत.

रंगाबद्दल थोडं जास्त सांगते कारण इकडे कोणाचं लक्षच नसतं. सहा-सात महिन्यांचं बाळ दात यायला लागले की कठडा चघळतं, अगदी कुरतडून काढतं. रंगात शिसं असेल तर ते थेट पोटात, आणि शिसं मेंदूच्या वाढीला मारक असतं, थोडं गेलं तरी. आपल्या देशात घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त शिसं नको असा नियम २०१६ मध्ये आला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. म्हणजे त्याच्या आधीची रंगवलेली कॉट किंवा पाळणा असेल तर रंगात शिसं असू शकतं, आणि घरात स्टोअरमध्ये पडलेला जुना ऑइलपेंटचा डबा काढून कॉटला मारायचा विचार तर अजिबात करू नका. नवीन रंगाच्या डब्यावर शिशाचं प्रमाण लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. जुना रंग घरात घासून काढू नका, ती पूड हवेत उडून सगळीकडे बसते आणि ती जास्त वाईट.

आता मेस्ताकडून करून घेणार असाल तर. फोंडा, डिचोली, साखळी, पेडणे, कुठेही जा, चांगले मेस्त आहेत आपल्याकडे आणि त्यांचा हात बघण्यासारखा असतो. कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांचं लाखेच्या रंगातलं लाकडी काम तर प्रसिद्धच आहे. पण मेस्ताला फोटो दाखवून असं कर म्हटलं की तो फोटोसारखंच करतो, माप त्याच्या अंदाजाने. म्हणून फोटो नको, कागदावर मापं लिहून द्या. आणि गादी आधी घ्या, मग तिच्या मापाची कॉट करायला सांगा, उलटं केलंत तर त्या मापाची गादी कुठेच मिळत नाही. साधारण गादी १२० बाय ६० सेंटिमीटरची येते, आणि मोठी, जी पुढे मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत चालते ती १४० बाय ७०. जागा असेल तर मोठी घ्या, नंतर बाजू काढून पलंग करता येतो. बाजू जोडायला लाकडात सरळ घुसवलेले स्क्रू नकोत, आरपार जाणारे बोल्ट आणि नट सांगा, कारण स्क्रू दोनदा काढून घातले की भोक मोठं होतं आणि मग धरत नाही. सगळ्या कडा गोल, सँडपेपर मारून हात फिरवला की कुसळ लागता कामा नये. आणि पाय पसरट ठेवायला सांगा, जुन्या घरांची जमीन कुठे वर कुठे खाली असते, कॉट ठेवून चारी कोपऱ्यांतून हलवून बघा. चाकं लावणार असाल तर ब्रेकवाली, चारही नसली तरी दोघांना तरी ब्रेक पाहिजे.

गादी. आपल्याकडे सगळ्यात जास्त चूक इथे होते कारण आपल्याला वाटतं बाळाला मऊ मऊ पाहिजे. मऊ गादीत बाळाचं डोकं रुततं, ते कुशीवर वळलं तर तोंड-नाक गादीत जातं आणि लहान बाळाला मान उचलून बाहेर काढता येत नाही. गादी कडक आणि सपाट पाहिजे, तळहाताने दाबून हात काढला की लगेच परत वर आली पाहिजे. सावरीच्या कापसाची गादी आजीने प्रेमाने भरून आणली असेल तरी ती कॉटमध्ये नको, मोठ्या मुलासाठी ठेवा. फट बघायची सोपी रीत म्हणजे गादी आणि कठड्याच्या मध्ये दोन बोटं शिरली तर गादी लहान आहे. आणि जाडी १० ते १२ सेंटिमीटर पुरे, जास्त जाड गादी घातली की कठडा तेवढा कमी उंच होतो.

आपल्या हवेत गादीला बुरशी येते हे मात्र बाहेरच्या गाइडमध्ये कुठे लिहिलेलं नसतं. कॉटचा तळ अखंड फळीचा नको, पट्ट्यांचा पाहिजे म्हणजे खालून हवा लागते, पण पट्ट्या जवळ जवळ आणि मजबूत. पावसात जेव्हा ऊन पडेल तेव्हा गादी उभी करून उन्हात ठेवा, खालची बाजू बघा, काळे ठिपके दिसले तर ती गादी गेली, धुवून पुसून परत वापरायची नाही. कॉट ओल आलेल्या भिंतीपासून वीतभर लांब. रबरी शीट आपण सगळेच घालतो, ती गादीला घट्ट बांधून वरून इलॅस्टिकची चादर ओढून घ्या, सैल रबर शीट बाळाच्या तोंडावर येऊ शकते. इलॅस्टिकवाल्या दोन-तीन चादरी जास्तच घ्या कारण जुलैमध्ये काही सुकत नाही.

आणि मग कॉटमध्ये काय ठेवायचं? बाळ. एवढंच. उशी नको, वाकळ नको, दोन बाजूंना लोड नको, मऊ खेळणी नकोत, कठड्याला आतून बांधायच्या त्या फुगीर पट्ट्या पण नकोत, अमेरिकेत २०२२ मध्ये कायदा करून त्या बंद केल्या, कारण बाळाचं तोंड त्यात दबतं. मोहरीच्या उशीवरून घरात वाद होईल, मला माहीत आहे, डोकं गोल व्हायला पाहिजे म्हणून सासूबाई देतात आणि त्यांच्या मनात माया असते. त्यांना सांगा की डोकं चपटं होऊ नये म्हणून बाळ जागं असताना आपल्यासमोर पोटावर ठेवायचं, आणि कॉटमध्ये एक दिवस डोकं इकडे एक दिवस तिकडे करायचं म्हणजे ते दोन्ही बाजूंना मान वळवतं. उशी लागत नाही. गादीखाली सुरी किंवा अडकित्ता ठेवायची रीत असेल तर ते कॉटच्या बाहेर, खोलीतल्या उंच फळीवर ठेवा, रीत पण राहते आणि बाळाजवळ लोखंड पण राहत नाही. गळ्यातला काळा दोरा झोपताना काढायचा. मनगटाला, पायाला बांधलेला असेल तर घट्ट झालाय का बघत राहा.

झोपवायचं उताणंच, दुपारी पण आणि रात्री पण. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना उताणं झोपवा अशी मोहीम सुरू झाली आणि त्यानंतर झोपेत अचानक होणारे बाळांचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, एवढी साधी गोष्ट. उलटी झाली तर घशात जाईल अशी भीती सगळ्यांना वाटते पण निरोगी बाळ उताणं असताना पण गिळतं किंवा खोकून बाहेर काढतं. बाळ स्वतःहून पालथं आणि परत उताणं व्हायला लागलं की मग झोपेत वळलं तर परत परत सरळ करायची गरज नाही, पण कॉट रिकामी पाहिजे.

मच्छरदाणी आपल्याकडे पाहिजेच, डेंग्यू काय आणि नुसता मच्छर चावून अंग सुजलेलं बाळ काय, बघवत नाही. पण ती कॉटच्या बाहेरून ताणून बांधलेली पाहिजे, आत लोंबणारी नाही, आणि बाळ उभं राहून ओढेल इतकी जवळ नको. कौलारू घर असेल तर वरून पालीची घाण, झुरळं पडतात त्यालाही मच्छरदाणीच उपाय. मुंग्यांसाठी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची जुनी पद्धत आहे पण त्यात डासांची अंडी होतात, त्यापेक्षा कॉट भिंतीला न टेकवता ठेवा आणि खाली दुधाचे थेंब सांडले की लगेच पुसा. कॉईल त्या खोलीत लावू नका. छत्रीसारखी उघडते ती मच्छरदाणीवाली गादी दिवसा कोणी समोर बसलेलं असताना ठीक आहे, रात्रीसाठी नाही, तिचा तळ मऊ असतो.

कॉट खिडकीखाली नको, पडद्याच्या दोरीजवळ नको, चार्जरच्या वायरीजवळ नको. पंखा चालेल, एसी चालेल पण वारा सरळ बाळावर नको. बाळाला गरम होतंय का ते हातपायांवरून कळत नाही, ते थंडच असतात, मानेच्या मागे हात लावून बघा, घाम असेल तर एक कपडा कमी करा.

घरातला जुना पाळणा असतो, बारशाला तो पाहिजेच, पाळणा गायल्याशिवाय बारसं कसलं. बारशाला वापरा, दिवसा कोणी शेजारी बसून झोका देत असेल तर वापरा. रात्री एकटं झोपवायला तो नको, त्याच्या कातीव गजांमधलं अंतर बहुतेक वेळा जास्त असतं. साडीच्या झोळीचं पण तसंच, झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते, झोपलं की उचलून कॉटमध्ये ठेवा.

गणेश चवथीला मूळ घरी जाल तेव्हा काय? तिथे कॉट नसते, माणसं भरपूर, बाळ कुठल्यातरी पलंगावर दोन उशांच्या मध्ये झोपवलं जातं आणि सगळे आरतीला. हे नको. घडी होणारी जाळीची कॉट मिळते ती गाडीत घालून न्या, फक्त तिच्याबरोबर आलेलीच पातळ गादी वापरा, वरून दुसरी जाड गादी घातली की जाळी बाहेर ढकलली जाते आणि बाजूला खिसा तयार होतो. ती नसेल तर जमिनीवर चटई, त्यावर घट्ट घडी घातलेली पातळ सतरंजी, वर ताणलेली चादर, भिंतीपासून लांब आणि कोणीतरी एक जण त्याच खोलीत. सोफ्यावर बाळाला घेऊन कोणी झोपायचं नाही, सगळ्यात धोक्याची जागा तीच.

सेकंडहँड कॉट घ्यायला हरकत नाही, बहिणीची, वहिनीची, ऑनलाइन बघितलेली. वर सांगितलेलं सगळं तिलाही लावा, शिवाय एकही बोल्ट कमी असेल आणि त्याजागी तार नाहीतर सुतळी बांधलेली असेल तर सोडून द्या. गादी मात्र नवीनच घ्या.

घरी आणल्यावर महिन्यातून एकदा बोल्ट आवळा, पावसाळ्यात आणि पाऊस संपल्यावर तर नक्की, कारण लाकूड तेव्हाच हलतं. आणि मूल ३५ इंच म्हणजे साधारण ८९ सेंटिमीटर उंच झालं, किंवा कठडा त्याच्या छातीच्या खाली यायला लागला, किंवा त्याने एकदा जरी पाय वर टाकून चढायचा प्रयत्न केला, तर त्याच दिवशी कॉट बंद. तळ सगळ्यात खाली असला तरी. बाजू काढता येत असेल तर काढून छोटा पलंग करा, नाहीतर गादी जमिनीवर घाला.